कुंपणावरची भिषङ्माता

आमच्या घरी आजोबांच्या हातच्या अकरा रोजकीर्दी आहेत. लाल खारव्यात बांधलेल्या, मोडीत लिहिलेल्या. वडिलांना मोडी वाचता येत असे, पण त्यांनी ते बासन कधी सोडले नाही. मी चाळिशी उलटल्यावर पुस्तकावरून मोडी शिकलो आणि सरावासाठी दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून घरचेच दप्तर वाचायला घेतले. तेलमीठ, बी-बियाणे, शेतसारा, लग्नातला आहेर. वाचता वाचता शके १८७० च्या मार्गशीर्षात, म्हणजे १९४८ च्या डिसेंबरात, येऊन पोहोचलो आणि पुढची सहा महिन्यांची पाने एका बैठकीत वाचून काढली.

त्या पानांवर माझ्या आत्याचे आजारपण आहे. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. ‘मध’, ‘खडीसाखर’, ‘पिंपळी’, ‘वैद्यबुवांस दक्षिणा’, ‘साताऱ्यास गाडीभाडे’, ‘छातीचा फोटो’. फाल्गुनात एक ओळ आहे : ‘मुंबईस पत्र, नवे इंजेक्शन चौकशी’. पुढे रकमेच्या रकान्यात टपालहशील. त्या पत्राचे उत्तर आल्याची नोंद नाही. आणि या सगळ्यांच्या मधून, दर दोन-तीन दिवसांनी, एक नोंद पुन्हा पुन्हा येते : ‘अडुळसा, घरचा’. तिच्यासमोर रकमेच्या जागी नुसती आडवी रेघ. ज्याला पैसा पडला नाही ते आजोबांनी का लिहिले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. बहुधा मुलीसाठी काय काय केले याचा हिशेब त्यांना पुरा ठेवायचा होता.

ज्येष्ठात आत्या गेली. दिवसकार्य आटोपल्यावर आजीने विळा-कोयता घेऊन कुंपणातला सगळा अडुळसा तोडला आणि मुळे खणून काढली. ही हकिकत गावातल्या जुन्या बायका सांगत. त्यानंतर ती चौतीस वर्षे जगली, पण अडुळशाचे पान तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. आम्हा पोरांना खोकला झाला की हळद-दूध, आल्याचा रस, तुळस. कुणी ‘अडुळसा दे की’ म्हटले तर ती उठून आत जाई. वडिलांचे म्हणणे नेमके उलटे होते. साताऱ्याच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून अडुळसा मध्येच बंद केला, म्हणून ताई गेली, असे ते आम्हाला सांगत आले.

रोजकीर्द मात्र तसे सांगत नव्हती. ‘अडुळसा, घरचा’ ही शेवटची नोंद आत्याच्या मृत्यूच्या चार दिवस आधीची आहे. अडुळसा बंद झालाच नव्हता. ते पान मी वडिलांना वाचून दाखवले. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, “मग आईनं तोडला ते बरोबरच केलं म्हणायचं का?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर आहे. वडील २०१४ साली गेले. त्यांना ते पुरते सांगता आले नाही.

आधी झुडपाची ओळख. अडुळसा बारमाही हिरवा. पुरुषभर, कधी त्याहून थोडा उंच. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, चुरगळली की उग्र वास. थंडी सरताना फांद्यांच्या शेंड्याला आखूड कणसे येतात आणि त्यांतून पांढरी फुले बाहेर पडतात. फुलाला दोन ओठ असतात, खालच्या ओठावर जांभळट रेघा. उघडलेल्या जबड्यासारखे दिसते म्हणून संस्कृतात त्याचे एक नाव ‘सिंहास्य’. ‘वासा’, ‘वासक’, ‘वृष’, ‘आटरूष’ ही बाकीची नावे. आपला अडुळसा, हिंदीतला अडूसा, गुजरातीतली अरडूसी ही त्या आटरूषाचीच लेकरे. पण सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त दिलेल्या नावांपैकी एकाने मला थांबवले : ‘भिषङ्माता’. वैद्यांची आई. इतक्या साध्या, कुंपणावरच्या झुडपाला हा मान का मिळाला असावा?

कारण ते सगळीकडे होते आणि फुकट होते. तमिळमध्ये त्याला आडातोडै म्हणतात. ‘आडु’ म्हणजे शेळी आणि ‘तोडा’ म्हणजे न शिवणारी, अशी त्या नावाची फोड सांगतात. शेळी खात नाही, हे ज्याच्या नावातच आले ते झुडूप कुंपणाला लावणार नाही तर काय करणार? शेर, निवडुंग, मेंदी आणि अडुळसा ही आपल्याकडची जुनी कुंपणे. यांपैकी अडुळशाचा दुहेरी उपयोग. शेळ्या बाहेर राखायच्या आणि औषध आत ठेवायचे. शेताच्या बांधावर, विहिरीच्या कडेला, देवळाच्या मागे तो दिसतो; माणसाच्या वस्तीपासून दूर, ऐन रानात त्या मानाने कमीच. तो इथलाच आहे, पण माणसाच्या सोबतीने राहिलेला इथला आहे.

हे तमिळ-सिंहली नाव फार दूर गेले. पॉल हर्मान हा डॉक्टर सतराव्या शतकात डच कंपनीच्या नोकरीत सिलोनात होता. परतल्यावर तो लायडनच्या विद्यापीठाच्या बागेचा प्रमुख झाला. त्या बागेची त्याने केलेली यादी १६८७ साली छापली गेली, तीत हे झुडूप ‘अधाटोडा’ या नावाने आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सातच वर्षांनी आपला कुंपणावरचा अडुळसा हॉलंडच्या थंडीत जपला जात होता. पुढे १७५३ साली लिनियसने त्याला ‘जस्टिशिया अधाटोडा’ केले. जस्टिशिया हे स्कॉटलंडच्या जेम्स जस्टिस या बागवेड्याच्या नावावरून. नंतर नेस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘अधाटोडा वासिका’ हे नाव दिले, तेव्हा कुठे संस्कृत वासा त्यात शिरली. आपल्या औषधांच्या बाटल्यांवर अजून हेच नाव दिसते. वनस्पतिशास्त्र मात्र फिरून लिनियसच्या नावाशी येऊन थांबले आहे. शेळीची गोष्ट या सगळ्या बदलांतून टिकली.

आता औषध. चरकाच्या चिकित्सास्थानात रक्तपित्ताच्या अध्यायात वासाघृत आहे. रक्तपित्त म्हणजे नाका-तोंडावाटे रक्त पडण्याचा विकार. पुढच्या ग्रंथांत कास, श्वास आणि क्षय यांच्यासाठी वासेचे अवलेह, काढे, स्वरस येतात. जगण्याची आशा आहे आणि वासा हाताशी आहे तोवर या रोग्यांनी खचू नये, अशा आशयाचे वचन वैद्यांच्या तोंडी असे. आमच्या गावच्या वैद्यबुवांनी ते आजोबांना ऐकवले असेलच.

या वचनातल्या क्षयाकडे नीट पाहायला हवे, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. जुन्या वैद्याला जे दिसे ते असे : न थांबणारा खोकला, चिकट कफ, कफातून रक्त, धाप, झिजत जाणारे शरीर. रोग म्हणजे हेच. जे औषध कफ सुटा करील, धाप कमी करील, रात्रीची झोप मिळवून देईल, ते त्या रोगावरचे औषध. या मोजपट्टीने अडुळसा अगदी खरा उतरतो. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि मोजपट्टीच बदलली. खोकला हा रोग राहिला नाही, तो रोगाची खूण झाला. रोग आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूत गेला. कुंपणावरचे झुडूप होते तसेच उभे होते. त्याला विचारला जाणारा प्रश्न बदलला होता.

नवा प्रश्न घेऊन अडुळशापाशी आलेल्यांतला एक डेव्हिड हूपर. हा उटकमंडला मद्रास सरकारचा क्विनॉलॉजिस्ट, म्हणजे सिंकोनाच्या सालीतले क्विनीन मोजणारा रसायनज्ञ होता. १८८८ साली त्याने अडुळशाच्या पानांतून एक कडू अल्कलॉइड वेगळे केले. त्याचे नाव वासिसिन. हूपर, वॉर्डन आणि मुंबईचे डॉ. विल्यम डायमॉक या तिघांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ त्याच सुमारास निघू लागला. तो मी एका जुन्या ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचला आहे. इथल्या वैद्यांचे, हकिमांचे, बाजारातल्या गांध्यांचे ज्ञान त्यात आदराने नोंदवलेले आहे आणि त्याच आदराने तपासलेलेही आहे. १९२४ च्या सुमारास सेन आणि घोष यांनी वासिसिनवर पुन्हा काम केले. १९२५ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि घोष यांनी प्राण्यांवर त्याचे परिणाम पाहिले. त्यांना जे दिसले ते माफक होते : वासिसिनने श्वासनलिका थोड्या सैलावतात. मराठीत डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ याच दशकात आला. आपल्या वनस्पतींबद्दल मराठीत असे लिहिले जात होते, हे आज सहसा कुणाला ठाऊक नसते.

आता आत्याच्या वेळेकडे येऊ. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत वाक्समनच्या प्रयोगशाळेत शाट्झने शोधले. क्षयाच्या जंतूवर चालणारे ते पहिले परिणामकारक औषध. ब्रिटनमधली त्याची प्रसिद्ध चाचणी ऑक्टोबर १९४८ मध्ये छापून आली. आजोबांच्या वहीतली ‘नवे इंजेक्शन चौकशी’ त्यानंतर पाचच महिन्यांनी आहे. वाई तालुक्यातल्या एका खेड्यातल्या माणसाच्या कानावर ते इतक्या लवकर आले होते, हे वाचून माझा कंठ दाटला. पण औषध परदेशातून येई, ते मिळणे कठीण आणि खर्च आवाक्याबाहेरचा. शिवाय ते एकटेच दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, हेही त्या चाचणीतच दिसले होते. सोबत दुसरे औषध द्यावे लागते, हे पक्के व्हायला १९५० उजाडले. आयसोनायझिड १९५२ साली आले. आपल्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. आणि १९५९ साली मद्रासच्या क्षय-चिकित्सा केंद्राने जगाला दाखवून दिले की, औषधे नियमित मिळाली तर दाटीवाटीच्या घरात राहून, साधे अन्न खाऊन उपचार घेणारा रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. घरी राहून क्षय बरा होतो, हे सिद्ध झाले ते आत्या गेल्यानंतर दहा वर्षांनी.

म्हणजे डॉक्टरने अडुळसा बंद केला नव्हता आणि अडुळशाने दगाही दिला नव्हता. १९४९ च्या उन्हाळ्यात आमच्या घरापाशी क्षयावर औषधच नव्हते. जे होते ते खोकल्यावरचे होते. त्याने तिच्या काही रात्री सुसह्य केल्या असतील. त्याच्याकडून जीव वाचवण्याची अपेक्षा होती, म्हणून आजीला तो गुन्हेगार वाटला.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती. पण अडुळशाचा प्रवास पुढे चालू राहिला. वासिसिनच्या रेणूच्या धर्तीवर जर्मनीत ब्रोमहेक्सिन हे कृत्रिम औषध तयार झाले आणि १९६३ साली बाजारात आले. ते शरीरात गेल्यावर त्यापासून जो पदार्थ बनतो, तोच पुढे ॲम्ब्रोक्सॉल म्हणून स्वतंत्रपणे विकला जाऊ लागला. आज खोकल्याच्या कुठल्याही बाटलीच्या मागची बारीक अक्षरे वाचा, या दोघांपैकी एक बहुधा सापडेल. आजी म्हातारपणी दम्याने बेजार असे. डॉक्टर तिला कफ पातळ करणाऱ्या गोळ्या देत, त्यांचे नाव मला आठवते. त्या ब्रोमहेक्सिनच्या होत्या. जे झुडूप तिने मुळासकट उपटले होते, त्याचीच दूरची नात तिच्या उशाशी डबीत होती. तिला हे कुणी सांगितले नाही, ते बरे झाले.

आणखी एक. १९९६ साली ग्रेंज आणि स्नेल या दोन संशोधकांनी ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रोक्सॉल यांचा क्षयाच्या जंतूवर परिणाम होतो का, ते प्रयोगशाळेत तपासले. जंतूंची वाढ रोखली गेल्याचे त्यांना आढळले. वडिलांच्या हाती हा निबंध पडला असता तर ते म्हणाले असते, “बघ, मी म्हणत नव्हतो?” आणि मला त्यांना सांगावे लागले असते की, नळीतला जंतू आणि छातीतला जंतू यांत मोठे अंतर असते आणि ज्याची तपासणी झाली ते पान नव्हते, पानातल्या रेणूवरून घडवलेले औषध होते. एवढ्यावरून कुणी क्षयाच्या गोळ्या सोडून अडुळशाचा रस घेऊ लागला, तर आमच्या घरची गोष्ट पुन्हा घडेल. आणि या वेळी औषध नव्हते, अशी सबबही उरणार नाही.

सावधगिरीची दुसरी गोष्ट घराघरांतून सांगायला हवी. जम्मूच्या रिजनल रिसर्च लॅबोरेटरीत डॉ. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासिसिनचा गर्भाशयावरचा परिणाम अभ्यासला. १९८० साली त्यावर त्यांची पुस्तिका निघाली. वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावते. म्हणून गर्भार बाईने अडुळसा घेऊ नये. घरचा आहे, झाडपाला आहे, म्हणून निरुपद्रवी आहे असे नाही.

वडील गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी अडुळसा लावायचे ठरवले. तालुक्याच्या रोपवाटिकेत कुंपणासाठी दुरांटा होता, ॲकॅलिफा होता, अडुळसा नव्हता. “तो कोण नेतोय आता?” असे तिथला माळी म्हणाला. मग गल्लीतल्या एका आजींनी हाक मारली. वय नव्वदीच्या घरातले. “तुझ्या आजीनंच दिलेल्या फांद्या आहेत बाबा माझ्या परड्यात. तुझ्या आत्याच्या आजाराच्या आधी. ने की त्यातल्या.” त्यांच्या परड्यात, पडक्या भिंतीलगत, जुना अडुळसा उभा होता. खोड मनगटापेक्षा जाड झालेले.

ज्यांना लावायचा असेल त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहितो. आषाढात, पाऊस धरल्यावर, वर्षभराची, हिरवी सरून करडी होऊ लागलेली फांदी घ्यावी. वीतभर लांब, तीन-चार पेरांची. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. पाने काढून टाकावीत, शेंड्याची दोन ठेवली तरी अर्धी कापावीत. दोन पेरे मातीत जातील अशी खोचावी. कुंपण करायचे तर दोन-दोन फुटांवर. कलमासाठी वेगळे काही लागत नाही. माझ्या वीस फांद्यांपैकी सतरा धरल्या. जमीन कसलीही चालते, पाणी मात्र साचता कामा नये. जिथे साचले तिथलीच तीन मेली. ऊन असले तर झाड दाट होते, सावलीत उंच आणि विरळ. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी द्यावे, पुढे त्याचे ते बघते. फुले सरली की, पावसाच्या तोंडावर, कमरेइतके छाटावे. न छाटल्यास बुडखे उघडे पडतात आणि कुंपणाचे काम होत नाही. छाटलेला पाला टाकू नये. वाफ्यात गाडला की चांगले खत होते. भात-खाचरांत तो असा वापरण्याची जुनी रीत होती. औषधासाठी पान घ्यायचे तर जून, पूर्ण वाढलेले. ते कच्चे वाटून रस फारसा निघत नाही. आधी वाफवावे लागते, म्हणून तर वैद्यांनी त्यासाठी पुटपाक सांगितला. आणि किती घ्यायचे, कुणी घ्यायचे, हे जाणत्या वैद्याला किंवा डॉक्टरला विचारून.

पण फक्त औषधासाठी लावू नका. माघ-फाल्गुनात, बाकी परसू वाळू लागलेले असते तेव्हा तो फुलतो. काळे, मोठाले भुंगे येऊन खालच्या ओठावर बसतात, त्यांच्या वजनाने फूल वाकते आणि वरचे केसर त्यांच्या पाठीला घासते. शिंजीर पक्षी उलटे लटकून मध पितात. माझी नात फूल उपटून देठाकडच्या बाजूने चोखते. हे तिला कुणी शिकवले, ठाऊक नाही. आम्हीही शेजारच्या परड्यात, आजीच्या नकळत, असेच चोखत असू. पान कडूजहर आणि फुलात गोड थेंब.

फांदीपासून वाढवलेले झाड नवे नसते. ते मूळ झाडाचाच एक भाग असते. त्या हिशेबाने आज माझ्या कुंपणाला उभा आहे तो आजीने उपटलेलाच अडुळसा आहे, ज्याची नोंद आजोबांनी रकमेच्या जागी रेघ ओढून केली होती. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन : आजीने तोडला ते समजण्यासारखे होते. बरोबर होते असे म्हणवत नाही. आणि त्याआधी तिने शेजारणीला फांद्या दिल्या होत्या, ते फार चांगले केले.

गेल्या आषाढात छाटणी केली तेव्हा फांद्यांचा एक भारा बांधून मी दारात ठेवला होता. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चार घरांनी तो वाटून नेला. रोजकीर्द लिहिण्याची सवय मला नाही. तरी त्या रात्री एका वहीत तारीख टाकून लिहिले, ‘अडुळसा, घरचा’, आणि पुढे एक आडवी रेघ ओढली.